गॅरेजच्या दारात विझणारा दिवा

...न्हाय न्हाय, तुमीच सांगा, मला काय हौस हाय व्हय रोज खोटं बोलायची? मी बजरंग, अणदूरच्या शाळेची बस चालवतो, अकरा वर्सं झाली, अन् तीन आठवडे झाले, गाडीचा तो पिवळा दिवा, इंजिनचं चित्र असलेला, अचानक लागतो, गाडीचा जोर जातो, जरा येळानं आपोआप इझतो, अन् गॅरेजच्या दारात गेलं की... दिवा बंद!

लाल असता तर मी गाडी हालवलीच नसती. पर ह्यो पिवळा! ना थांब म्हणतो, ना जा म्हणतो. मागं चौतीस लेकरं पाढे म्हणत्यात, पुढं हैद्राबादचा हायवे आडवा, ट्रकवाले येत्यात सुसाट... अन् बराबर मधात गाडीचा जोर गेला तर?

मुख्याध्यापक मार्तंड सरांना सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणले, "आत्ता आहे का दिवा?" म्हणलं, "आत्ता न्हाय." "मग झालं की!" गॅरेजच्या सोमलिंग मेस्त्रीनं गाडीला तपासायची मशीन लावून बघितली. म्हणला, "अण्णा, मागं कवातरी बिघाड आलता असं दावतंय, पर आत्ता काय न्हाय." फिल्टर बदलला, एक सेन्सर बदलला, दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिवा लागला, तसाच माघारी फिरलो, अन् गॅरेजच्या दारात... दिवा बंद!

द्वारकाबाईंनी, म्हंजे बसमधी लेकरं सांभाळणाऱ्या आमच्या बाई, त्यांनी मोबाईलवर फोटो काढला. सरांनी मोठा करून बघितला. "यात तर अंगठा दिसतोय." मग सर सवता बसले बसमधी. आता सर गाडीत म्हणल्यावर मी कशी चालवणार? फुलावानी! एक खड्डा लागू दिला न्हाय. दिवा कशाला लागतोय! तवर पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'ड्रायव्हरला कामाचा कंटाळा आलाय.' सरांनी मला बोलावलं, "बजरंगराव, शनिवारपर्यंत काय ते दाखवा, नाहीतर चावी ठेवा, दुसरा माणूस बघतो." अकरा वर्सं! एका लेकराला खरचटलं न्हाय... लई लागलं हो जिवाला. पोट भरायला दुसरी गाडी मिळंल, पर माणूस खोटा ठरला की कुठं जायचं?

शुक्रवारी परत गॅरेजला. परत... दिवा बंद! द्वारकाबाई संगं व्हत्या. त्या सोमलिंगला म्हणल्या, "बाबा, शाळंच्या दारात पोट दुखणारं लेकरू दवाखान्यात हसतंयच की! ही गाडी खडीच्या रस्त्याला हादरली की रडती. तू तिला उभी करून इचारतो व्हय? हालीव की तिला!" सोमलिंगनं इंजिन चालू ठिवलं, वाकला, अन् एकेक वायर धरून हालवाया लागला. ही हालीव... काय न्हाय. ती हालीव... काय न्हाय. पुढच्या जाळीमागची काळी नळी हालवली अन्... लागला! मी वरडलो, "लागला! लागला!" बारशाला पेढे वाटावं इतका आनंद! गॅरेजात पहिल्यांदा दिवा लागला!

सोमलिंगनं आत हात घातला अन् काढलं काय बाहेर? लिंबू! सात मिरच्या! बांधकामाची तार!

...आता काय सांगू. दर शनवारी गाडीला लिंबू-मिरची मीच बांधतो. लेकरांची गाडी, नजर लागू नये. दोरा तुटायचा खडीवर, म्हणून महिन्यामागं म्या तार आणली, जाळीच्या आत हात घालून त्या काळ्या नळीला पक्कड मारून आवळली. त्या नळीत सेन्सरच्या वायरी! रोज घासून घासून नळी फाटली, वायर सोलली, गाडी हादरली की तार टेकायची अन् दिवा लागायचा. म्हंजे लेकरांच्या जिवाला ज्या भीतीनं जपलं, त्याच भीतीनं हायवेवर गाडी अडवली असती! मी तिथंच टायरावर बसलो.

सोमलिंगनं वायर जोडली, वर पट्टी गुंडाळली, अन् हळूच म्हणला, "अण्णा, सरांना उंदरानं कुरतडली म्हणून सांगू. चावी वाचंल."

आता बघा गंमत. तीन आठवडे खरं बोलत व्हतो, कुणी इश्वास ठिवला न्हाय. आता खोटं बोललो तर समदे ठिवणार! शनवारी सरांच्या केबिनीत उभा राहिलो. म्हणलं, व्हायचं ते व्हवू दे, पर चौतीस लेकरांपुढं रोज बसायचंय. टेबलावर चावी ठिवली, तार ठिवली, लिंबू ठिवलं, अन् समदं सांगितलं, सर, चूक माझीच, म्हणून.

सरांनी लिंबू उचलून उलटंपालटं करून बघितलं. मग खो खो हसले. "काहीतरीच बजरंगराव! लिंबू-मिरचीनं कधी गाडी बिघडते का? उंदीर असेल, उंदीर! चावी घ्या, अन् हो... पुन्हा उंदीर लागू नये म्हणून आज जरा मोठं लिंबू बांधा."