पहिली दहा मिनिटं

आई : इथेच थांब. आत वॉर्डात जायचं नाही.

मामा : अगं, भाची आहे माझी. बघू तरी दे.

आई : भाची आहे हे काल मैदानावर नाही आठवलं? पडेपर्यंत पळवलंस पोरीला.

मामा : बावीस जणी पळाल्या. बाकीच्या घरी जाऊन जेवल्यासुद्धा. मी प्रशिक्षक आहे. घरची म्हणून मनीला सूट दिली, तर बाकीच्यांचे आईबाप मला फाडून खातील.

आई : सकाळी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली, दादा. स्नायू फुटलेत, त्यांतलं सगळं मूत्रपिंडात जाऊन अडकलंय. सलाइनने निघालं तर ठीक, नाहीतर डायलिसिस.

मामा (बाकावर बसत) : पळाल्याने स्नायू फुटतात होय?

आई : हिचे फुटतात. स्नायूत साखरेचा साठा असतो, तो फोडायला एक एन्झाइम लागतं. हिच्या स्नायूंत ते जन्मापासून नाहीच.

मामा : मग खायला घाला नीट. मी कधीचा सांगतोय, पोरगी खात नाही.

आई : खाल्लेलं पोचतं रे. साठतं. फुटत नाही. भरल्या कोठीला कुलूप, नि किल्लीच नाही.

मामा : मला नको शिकवूस. पहिल्या फेरीला पाय धरून रडते नि दहा मिनिटांनी सुसाट सुटते. वीस वर्षं पोरं पळवतोय मी. दुखणं असं घड्याळ बघून थांबतं का?

आई : डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, हीच तर खूण. आधी दहाएक मिनिटं हळू चाललं की रक्तातली साखर नि चरबी स्नायूंना मिळू लागते, मग पाय उचलतात.

मामा : हे तिने सांगायचं ना.

आई : तिला तरी कुठे माहीत होतं? पण अंगाला कळलं होतं. म्हणून हल्ली रोज अर्धा तास आधी येऊन एकटीच मैदानाला फेऱ्या मारायची. चालत.

मामा : बघायचो मी.

आई : आणि तू फाटक बंद केलंस.

मामा : मला वाटलं, आधीच दमून घेते. सबब सांगायला.

आई : मग शिट्टी वाजली की थेट जोरात पळायचं. जी थांबेल तिने पहिल्यापासून. काल कितीदा पहिल्यापासून?

मामा : तीनदा.

आई : सगळ्यांसमोर नाटकी म्हणालास तिला. रडत घरी आली, तर मी म्हटलं, मामा उगाच बोलणार नाही. त्याचंच मला जास्त लागलंय. तुझ्यावर विश्वास ठेवला मी, पोरीवर नाही.

मामा : चुकलं माझं.

आई : मला ऐकवू नकोस. मी तुला माफ करायला बसलेली नाही.

मामा : मग कशाला बोलावलंस?

आई : मी नाही बोलावलं. तिने बोलावलंय. पाच मिनिटं जा, आणि ती खोटं बोलत नव्हती एवढं तिला सांग.

मामा : ते डॉक्टरांनी सांगितलंच असेल की.

आई : डॉक्टरांनी तिला नाटकी म्हटलं नव्हतं.