डॉक्टरबाईंची पाहुणी

ॲम्ब्युलन्स आता फोन केला की लवकर येते हो, पण आमच्या घरून ती लवकर निघेल तेव्हा खरं! परवा आमच्या हिच्या छातीत कळ आली, घाम फुटला. लेकाने फोन केला. पारोळ्याहून गाडी आली आणि डॉक्टरबाई धावत आत शिरल्या.

"आबा, पेशंट कुठे आहे?"

बघतो तर खाट रिकामी! ही एका हाताने छाती दाबून गॅसपाशी उभी.

"बसा ना बाई, चहा ठेवस मी. दूध घरनं शे, आमनीच गायनं."

"अक्का, जिवावर बेतेल, चला!"

"पहिल्यांदा दारात आल्या. तशाच कशा जाशात?"

मी हात जोडले, लेक ओरडला, पण ही हलेना. शेवटी बाईंनी गॅस बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, "अक्का, गाडी माझी आहे. आता तुम्ही माझ्या पाहुण्या. पाहुण्यांनी काम करायचं नसतं."

ही मुकाट्याने स्ट्रेचरवर झोपली.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं." दुसऱ्या दिवशी हिने डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "पाहुनी म्हनीसन आनं माले, पन चहाले कोनी इचारं नही!"