वाढत्या अंगाचा पट्टा

...न्हाय न्हाय, हसू नका! तुमाला सांगतो, चार वर्साचं कुत्रं, पुरतं वाढलेलं, भाजीच्या पिशवीत मावंल एवढं, आन् त्याला पट्टा घ्यायला गेलो तर आमची वैजयंती भर दुकानात काय म्हणती? "जरा वाढत्या अंगाचं दाखवा!" वाढत्या अंगाचं! अहो, कुत्रं हाय का पाचवीतलं पोरगं?

आमची शेंगी. शेंगदाण्याएवढी दिसायची म्हणून शेंगी. गळ्यात पट्टा हुता तिच्या, जरा ओढ बसली की खॅक् खॅक् खोकायची, डोळे पांढरे व्हायचे. डॉक्टर म्हणले, "काका, गळ्याचा पट्टा बंद करा. श्वासनळी लई नाजूक असती ह्यांची. छातीचा हार्नेस घ्या, पुढच्या पायांच्या मागनं माप घ्या, घातल्यावर खाली दोन बोटं गेली की झालं." एवढं सोपं! ह्यात बिघडायला जागा कुटं हाय? न्हायच की! पण आमच्या घरची माणसं जागा करून घेत्यात.

दुकानातल्या पोरीनं टेप लावली, म्हणली, "स्मॉल एकदम बसंल, काका." झालं असतं की हितंच काम! तर आमची ही पुढं... "आन् वाढली म्हणजे?" अगं, वाढायची थांबली ती! "तुमी नका शिकवू, पोरं मी वाढवलीत." व्हय, वाढवलीस! आमच्या पोराला, बसवेशला, पाचवीत शिवलेली पँट आठवीपर्यंत घातली हिनं, खाली दुमडून टाके, दर जूनमधी एक घडी उसवायची! ती दुकानातली पोरगी माझ्याकडं बघती, मी छताकडं बघतो... घेतला लार्ज.

घरी घातला तर पट्ट्यात शेंगी हाय का न्हाय तेच दिसंना! पुढनं नाक, मागनं शेपूट, मधी नुसता पट्टा. मी म्हणलं, परत देऊ. छे! ही सुईदोरा घेऊन बसली. "हितं टाके घालते, वाढली की उसवू." उसवू! कुत्रं चार वर्साचं हाय गं बाई!

त्यात दुधनीचा मेव्हणा आलेला, शिवलिंगप्पा. "थांबा भावजी, दोन बोटं म्हणले न्हवं डॉक्टर?" आन् घातली की आपली दोन बोटं! अहो, त्याची बोटं म्हणजे काकड्या! आत जाईनात, तर म्हणतो, "घट्ट हाय, गुदमरंल ती," आन् घातलेले टाके उसवून मोकळा! वर बोटं फिरवून "साकु, साकु," म्हणजे कानडीत आता पुरे. कुणाची दोन बोटं ते डॉक्टरनं सांगायला नको? माझी? हिची? का ह्या बैलाची?

आन् मग दुसऱ्या सकाळी तसाच ढिला पट्टा घालून फिरायला निघालो होटगी रोडला... सांगतानाबी अंगावर काटा येतोय बगा. मागनं टमटमवाला आला, असा भोंगा मारला की शेंगी दचकली, चार पावलं मागं सरली, मान खाली घातली... आन् पट्टा माझ्या हातात! नुसता पट्टा! शेंगी मधल्या रस्त्यात, तिकडनं ट्रक येतोय. टमटमवाल्यानंच आडवी घातली गाडी, ट्रक करकचून थांबला, आन् शेंगी पळाली ती रसाच्या गाड्याखाली जाऊन बसली, लटालटा कापत. मी चप्पल सोडून धावलो, ओढून काढली, छातीशी धरली. तिचं काळीज धडधडतंय का माझं, कळंना. रडलो मी रस्त्यात! लाज कसली? आन् तो टमटमवाला वरनं विचारतोय, "क्या काका, खाली पट्टा घुमाने लाए क्या?"

त्याला काय सांगू? वाढत्या अंगाचा हाय म्हणून सांगू?

तसाच अनवाणी दुकानात. दुकान उघडायचं हुतं, पायरीवर बसलो तिला घेऊन. ती पोरगी आली, स्मॉल काढला, दोन बोटं घातली तिची. बसला! हालंना, घसरंना, शेंगी खोकंना. घरी आलो तर वैजयंती हात लावून म्हणती, "अंगाबरोबरच घेतला का वो?" मी नुसतं बघितलं तिच्याकडं. असं बघितलं की शिवलिंगप्पा चहा तसाच टाकून दुधनीच्या गाडीला गेला.

तवापासनं रोज सकाळी आमी निघतो. पट्टा शेंगीच्या अंगात, दोरी माझ्या मनगटाला वेढे मारून, आन् शेंगी... माझ्या कडेवर! काय करू? पट्टा झकास बसलाय हो, पण तिला खाली ठेवायला हातच होत न्हाय. परवा कोपऱ्यावरचे कुंडलिक गुरुजी म्हणले, "अहो, त्या कुत्र्याला जरा चालवा की!"

म्हणलं, गुरुजी, चालतंय की... माझ्या पायानं.