चाकातली खरखर

गॅरेजातल्या बाकड्यावर बुद्धप्रिया आपल्या गाडीची वाट बघत होती. शेजारी माळशिरसहून आलेल्या केराबाई बसल्या होत्या, अन् त्यांचा लेक जोतिराम मिस्त्रीच्या मागं मागं फिरत होता. बुद्धप्रियाचे डोळे पेपरात होते, कान मात्र तिकडंच.

"सोमवारपास्नं खर्रर्र खर्रर्र करतीया. फोर बाय फोर हाय, चारी चाकं वढत्यात. त्यातलंच कायतरी गेलं असणार."

"वळताना करती, का सरळ जाताना?"

"कशीबी. पन पळवली की लई. एरवी वाऱ्यासंगं जाणारा मी, चाळीसच्या वर न्हेली न्हाय. उसाचा ट्रॅक्टरबी म्होरं गेला की!"

"त्येच्या आदी दगडाधोंड्यात घातली व्हती?"

"न्हाय वो. रविवारी अमुशा, दारातच हुबी. आयनं चाकाम्होरं नारळ फोडला, तेवडंच."

"मावशी, नारळ कशावर फोडला?"

"दगडावर. आनि कशावर फोडत्यात? ह्यो सुखरूप घरी यावा म्हनून दर अमुशेला फोडती."

मिस्त्रीनं चाक खोललं, आत पकड घातली आणि तळहात पुढं केला.

"ब्रेकची डिस्क अन् तिच्यामागचा पत्रा, त्येच्यामदी ह्यो खडा अडकला व्हता. बगा, एका अंगाला कुंकू हाय."

"आये! आगं, आठवडाभर माजा जीव टांगणीला, आन् तू..."

"मिस्त्री, त्यो खडा टाकू नगा."

"देव्हाऱ्यात ठेवता व्हय, मावशी?"

"न्हाय. व्हता तितंच बसवा. आज ह्येच्या गाडीत मला पयल्यांदाच झोप लागली."