हरलेला आधी जेवतो

बसा, बसा. मला बघून उभं कशाला राहता? मागच्या पोरांनो, मोटारसायकली बंद करा. आणि हा माईक जरा लांब धर रे बाबा. माझा आवाज कोन गावच्या नाक्यापर्यंत जातो, सगळ्यांना माहीत हाय.

एवढी माणसं आलीत. मानकोलीहून आलीत, अंबाडीहून आलीत, पावरलूमची ड्युटी टाकून आलीत. हऱ्यानं वरून बघितलं असतं तर म्हणाला असता, "वयनी, आज मॅच कोणाची हाय?" तुम्ही त्याला हरिशेठ म्हणता. खाडीकाठ कबड्डी संघाचा मालक म्हणता. मी त्याला हऱ्याच म्हणणार. चड्डीची नाडी बांधता येत न्हवती तेव्हापासून बघितलाय त्याला.

सेक्रेटरी म्हणाला, "आजी, दोनच शब्द बोला." दोन शब्दांत माझं भागत न्हाय. पण खरं सांगते, आज तोंड उघडायला जड जातंय. मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणून न्हाय. माझ्या घरातली किती गेली, मी बोललेच की. जड जातंय ते अशासाठी, की मी ह्या माणसावर जळत होते. आता तो गेला. आता मी जळू कोणावर? ह्या सेक्रेटरीवर? त्याच्यात जळण्यासारखं काय हाय?

हसा. हसायला काय होतंय. हऱ्या पण हसला असता.

अजून एक गोष्ट हाय, आणि तुम्ही सगळे तिचीच वाट बघताय. दहाव्याला खाडीवर मी जे केलं, त्याच्यावरून गावात चार दिवस माझी भाजी चिरताय. "म्हातारीनं कावळ्याच्या आधी खाल्लं. म्हातारीला भूक आवरत न्हाय. म्हातारीनं हरिशेठचं दहावं बाटवलं." मला ऐकू येतं. डोळे गेलेत, कान न्हाय गेले. तर त्याचं उत्तर आज देते. पण आधी हऱ्याचं सांगते, त्याशिवाय ते कळायचं न्हाय.

हा संघ माझ्या नवऱ्यानं काढला. तेव्हा मॅटबिट न्हवती. ह्याच जागेवर खाडीची माती आणून आम्ही बाया शेण-पाणी टाकून चोपायचो. ही गोदामं न्हवती, सगळं भात होतं. मॅच झाली की हरलेला गाव दगड मारत जायचा आणि पुढच्या मॅचला आपण त्यांना मारायचो. तेव्हा जुन्या माणसांनी एक नियम घातला. आपल्या मैदानावर जो हरेल, तो पहिल्या पंगतीला बसेल. जिंकलेला उभा राहून वाढेल. हरलेला जेवून उठल्याशिवाय जिंकलेल्यानं पाणी पण प्यायचं न्हाय. पोटात भात गेला की माणूस दगड उचलत न्हाय. आजपर्यंत आपल्याकडं हेच चालतं. कप कोणाचा पण असो, हरलेला आधी जेवतो.

माझा नवरा गेला. नंतर जमिनी गेल्या, गोदामं आली, आणि हऱ्याच्या हातात पैसा आला. त्यानं संघ घेतला. तुम्हीच तेव्हा काय म्हणत होतात? "गोदामवाला आता कबड्डी शिकवणार. फोटो छापायची हौस हाय." मी पण म्हणत होते. मी तर तुमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होते.

मग त्यानं पोरांना बूट दिले. एकाचा गुडघा गेला, तर मुंबईला नेऊन ऑपरेशन करून आणलं आणि गावात कोणाला कळू दिलं न्हाय. कळलं कसं? त्या पोराच्या आईनं बाजारात मासे घेताना मला सांगितलं. मग मी सगळ्यांना सांगितलं. म्हणजे बघा, त्याचं नाव पण मीच केलं! तुम्ही त्याला डोक्यावर घेतलात. मुस्ताक, आलास का रे तू? हां, तो बघा. लूम सोडून प्रत्येक मॅचला यायचा. मला म्हणायचा, "दादी, ऐसा सेठ पूरे भिवंडी में नहीं." मी म्हणायची, "अरे, भिवंडी सोड, गल्लीत तरी नीट बघ. माझा नवरा काय वाईट होता?" तो म्हणायचा, "दादी, उनको हमने देखा नहीं ना."

न्हाय बघितलं. हेच माझं दुखणं. माती चोपली आम्ही, आणि नाव त्याचं.

पण एवढ्यावर मी जळाले नसते. नवऱ्याच्या नावासाठी बाई किती जळेल? मी जळाले माझ्या नातवासाठी. हा निल्या. इथंच बसलाय, डोकं भादरून. ह्याचा बाप, माझा पोरगा, हा लहान असतानाच गेला. आई माहेरी गेली. निवटे, वाकट्या, जो मासा मिळेल तो विकून मी ह्याला वाढवला. आणि हा चढाईला गेला की असा जायचा, की त्याच्या आजोबालाच बघतेय असं वाटायचं. तुम्ही सगळे त्याचं नाव घेऊन ओरडायचात. मी गप्प बसून ऐकायची. ते ओरडणं माझं होतं.

फायनल तोंडावर आली होती. आणि हऱ्यानं निल्याला सोडून दिला. पुण्याच्या एका सरकारी खात्याच्या संघात, नोकरीसकट. लगेच हजर व्हा म्हणाले, तर हा म्हणाला, जा. फायनलला न्हाय थांबवला.

मी हऱ्याच्या बंगल्याच्या गेटवर गेले. वॉचमन म्हणाला शेठ जेवतायत. मी म्हणाले, "मग त्याला सांग, घास तिथंच ठेव." आला बिचारा हात न धुता.

"हऱ्या, काय चालवलंयस?"

"वयनी, पोराला नोकरी लागतेय."

"तुझा संघ बुडेल."

"बुडू दे."

"आणि मी? मी कोणासाठी भाकऱ्या थापू?"

तो उष्टा हात तसाच धरून उभा. म्हणाला, "वयनी, तू भाकरी थापतेस ती त्यानं मोठं व्हावं म्हणून ना? मग झाला की मोठा. आता जाऊ दे."

मला असं लॉजिक सांगतो! माझ्या नातवाला माझ्या हातातून काढून देतो आणि वर मलाच सांगतो भाकरी कशासाठी असते.

फायनल हरलो आपण. आठवतंय ना? की विसरलात? तुमच्यातल्याच कोणी ह्याच्या गेटला चपलांची माळ घातली. "गद्दार." "पोरगा विकला." मुस्ताक, तू पण मला म्हणालास, "दादी, सेठ ने बेच दिया." म्हणालास की न्हाय? मान खाली घालू नकोस. मला तेव्हा लई बरं वाटलं. चार दिवस मी भात दोन वाट्या जास्त खाल्ला. आणि हऱ्या काय करत होता? हरलो म्हणून आपला संघ पहिल्या पंगतीला बसला होता, तर हा मालक, पोरांच्या शेवटच्या पानावर मांडी घालून बसला. समोर जिंकलेला अंबाडीचा संघ वाढतोय, आणि कुंपणाबाहेरून तुम्ही शिव्या देताय. भात मागून घेत होता. "अजून वाढ रे," म्हणत होता. "हरलोय ना आपण."

मग वरीस-दोन वरसं गेली. निल्या नोकरीत कायम झाला. कमरेत पट्टा, अंगात गणवेश. पहिल्या सुट्टीला येणार म्हणून मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. निरांजन पेटवलेलं. गाडी आली. गाडी माझ्या दारावरून सरळ पुढं गेली. कुठं गेली? हऱ्याच्या बंगल्यावर. पेढ्याचा पुडा तिकडं. पाया पडणं तिकडं. माझं निरांजन वाऱ्यानं विझलं, आणि मी तशीच उभी.

थोड्या वेळानं बघते, तर हऱ्या निल्याला बखोटीला धरून घेऊन येतोय. "आधी आजी. अक्कल हाय का तुला? आधी आजी." आणि माझ्यापुढं उभा केला.

तुम्ही म्हणाल, केवढा मोठा माणूस. हो, तुम्ही तेच म्हणालात. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात तीच गोष्ट. गद्दारचा देवमाणूस झाला. मुस्ताक म्हणाला, "दादी, सेठ तो फरिश्ता है." पण बायांनो, तुम्ही सांगा, तुम्हाला कळेल. माझ्या नातवाचा नमस्कार, तो माझाच ना? आणि तो मला ह्यानं दिला! जे माझं, ते मला ह्याच्या हातून मिळालं. ह्याच्या दानतीवर टाळ्या वाजवायला तुम्हाला काय होतंय? घेणाऱ्याला विचारा. चपलांची माळ घातली असती मी त्या दिवशी, पण चपलांचा एकच जोड होता.

तेव्हापासून आमची दोघांची मॅच लागली. निल्या कोणाचा? निल्या घरी आला की मी म्हणायची, "आधी कुठं गेलास?" आणि हऱ्या रस्त्यात भेटला की हळूच विचारायचा, "काय वयनी, आज गुण कोणाला?" हलकट. त्याला सगळं कळत होतं.

तो आजारी पडला. खाट धरली. सगळे डबे घेऊन जात होते, कोणाचं काही खात न्हवता. मी तांदळाची पेज केली, जरा मीठ घातलं, आणि गेले. त्याच्या मुली म्हणाल्या, "बाबा, तुमच्या वयनीनं पेज आणलीय." ह्यानं डोळे उघडले. म्हणाला,

"वयनी, तू आधी जेव."

मी म्हणाले, "मी का जेवू? मी काय हरलेय?"

"मग मी पण न्हाय हरलो."

"मरायला टेकलास तरी मस्ती न्हाय गेली तुझी."

"निल्या कोणाचा, ते सांग. मग खातो."

म्हटलं, "माझा."

म्हणाला, "मग तू जिंकलीस. जिंकलेल्यानं वाढायचं. पण मला हरलो असं वाटत न्हाय, तर मी कसा आधी जेवू?"

बसलो दोघं. तो पण जेवेना, मी पण हरेना. पेज निवली. वर साय धरली. मी भांडं उचललं आणि घरी आले. दोन दिवसांनी गेला तो. ती पेज त्याच्या पोटात गेली न्हाय.

आता दहाव्याचं ऐका.

खाडीवर पिंड ठेवले. तिवरांवर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेना. मुली म्हणाल्या, "बाबा, आईला आम्ही सांभाळू." न्हाय आला. पुतण्या म्हणाला, "काका, संघ बंद पडू देणार न्हाय." न्हाय. सेक्रेटरी म्हणाला, "शेठ, मैदानाला तुमचं नाव देऊ." तेव्हा तर एक कावळा उडून लांब गेला. मग निल्या पुढं आला. उन्हात, उघड्या पायानं, डोकं गुळगुळीत. माझ्या डोळ्याला अंधुक दिसतं, पण तेवढं दिसलं. मी जिवंत असताना माझ्या नातवानं दुसऱ्यासाठी केस काढले. त्यानं हात जोडले. बोलायला गेला आणि नुसता रडला. बापासाठी एवढा रडला न्हवता, तेव्हा तो लहान होता म्हणा. आता बापासाठी रडत होता.

भटजी म्हणाले, उशीर झाला, दर्भाचा कावळा करू. मी म्हणाले, थांबा.

आणि मी टोपलीतला वडा उचलला. पिंडाला हात लावला न्हाय मी, नीट ऐका. टोपलीतला वडा. मोडला आणि तोंडात घातला. सगळ्या बाया "अगो, अगो" करून ओरडल्या. एकीनं माझा हात धरला. मी चावत होते आणि मनात न्हाय, तोंडानं बोलले, फक्त तुमच्या आरडाओरड्यात कोणाला ऐकू गेलं न्हाय. मी म्हणाले, "हऱ्या, मी हरले. बघ, जेवतेय. माझं झालं की तू जेव."

वडा तेलकट होता. गिळला.

कावळा आला.

त्याला भूक लागली असेल. त्याला मी दिसले असेन, म्हणून त्याला धीर आला असेल. मला काय ठाऊक? मी काही साधू-संत न्हाय. पण आपल्या मैदानाचा नियम मला ठाऊक हाय. जिंकलेला माणूस आधी जेवत न्हाय. हरलेला जेवून होईपर्यंत तो उभा राहतो. तो उभा होता. तुम्ही सगळे त्याला वचनं देत होतात, आणि तो फक्त माझ्या पानाकडं बघत होता.

तर हे माझं उत्तर. बाटवलं असेल तर बाटवलं.

आणि हरले म्हणजे माझी जळजळ गेली असं समजू नका. आत्ता इथं एवढी माणसं बघून परत पोटात दुखतंय. मी गेले की ह्यातली किती येतील? निल्या, माझ्यासाठी काढायला तोवर केस वाढव. लवकर वाढव.

आता श्रद्धांजली. दोन मिनिटं उभं राहून घड्याळ बघायचं, ते आपल्याला नको. हा कबड्डीचा माणूस. सगळे उठा. चढाईला जाताना धरतो तसा एक दम धरा, आणि गप्प राहा. तोंडातून आवाज न्हाय, नाकातून न्हाय, हुंदका पण न्हाय. ज्याचा दम आधी सुटेल तो हरला. त्यानं जाऊन पहिल्या पंगतीला बसायचं, तिकडं पानं मांडलीत. निल्या, तू उभा राहून वाढ. तू त्याच्याकडचा हायस.

माझं पान आधीच मांडून ठेव. माझा दम त्या दिवशीच सुटलाय.

हऱ्या, बघ रे, तुझी माणसं किती वेळ धरतात.

धरा दम.