चष्मेवाल्याची कंबर

...आणि वर बायको मला काय म्हणते, "तुम्ही जळता!" मी? मी जळतो? अहो, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी लोकांच्या कंबरा मोजतोय. कुणाची दोन इंच वाढली, कुणाची चार, कुणी टेप लावली की पोट आत ओढून श्वास धरून उभा राहतो, कुणी मागच्या खिशातलं पाकीट काढतच नाही आणि मग सीट ढगळ झाली म्हणून माझ्या नावानं बोंब मारतो, सगळं सगळं पाहिलंय, पण कधी कुणाच्या कमरेवर जळलो नाही. जळायला कंबर म्हणजे काय बंगला आहे? आणि जळायचं तर कुणावर? भोपळ्यावर? मी कशाला जळेन?

भोपळ्या म्हणजे आमच्या समोरचा चष्मेवाला. रस्त्याच्या या बाजूला माझं टेलरिंगचं दुकान, त्या बाजूला त्याचं चष्म्यांचं. शाळेत एका बाकावर बसायचो. तो गोल म्हणून भोपळ्या, मी वाळका म्हणून काड्या. आता मी काही काडी राहिलो नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे, हसू नका... पण मला कधी ते जाणवलंच नाही! का जाणवेल? शेजारी हा उभा असायचा ना! हत्तीच्या बाजूला रेडासुद्धा सडपातळ दिसतो. फोटो काढायची वेळ आली की मी गर्दीतून वाट काढून त्याच्या शेजारी जायचो. बायको म्हणायची, "अहो, तुमचं पोट बघा." मी म्हणायचो, "त्याच्याकडे बघ." संपला विषय! वर्षानुवर्षं असा सुखानं संपत होता हो विषय. स्वतःची कंबर मी मोजायचो नाही. कुठला टेलर मोजतो? पँटीला मागच्या बाजूनं इलॅस्टिक घातलं की झालं. इलॅस्टिक काही बोलत नाही.

रोज अकरा वाजता हा चहा प्यायला माझ्याकडे. बिस्किटांचा डबा मशीनशेजारी. दोन त्याला, दोन मला, मग परत दोन त्याला, दोन मला, आणि मग उरलेली नरम पडतील म्हणून ती संपवायची. सोन्यासारखे दिवस!

आणि एके दिवशी या माणसाच्या दुकानात एक स्क्रू पडला.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू. तिळाएवढा. काउंटरखाली गेला. भोपळ्या वाकला, तर अर्ध्यात अडकला. पोट मांडीवर, श्वास गळ्यात, चेहरा वांग्यासारखा जांभळा. तेव्हा समोर चष्मा दुरुस्तीला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई काय म्हणाल्या? "थांब बाळा, मी काढते." आणि काढला! वाकल्या, स्क्रू उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला, आणि पाठ सरळ करून उभ्या राहिल्या. हे त्यानंच मला सांगितलं. मी पोट धरून हसलो. तो नाही हसला. त्यानं बिस्किटाचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "काड्या, आजपासून मला नको."

मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ. येतं, जातं. पण कसलं जातंय! बरं, ना जिम, ना डाएटचा तक्ता, ना पावडरचे डबे. यानं काय केलं, तर जेवणाचं ताट बदललं. मुलीच्या लहानपणचं छोटं ताट काढलं आणि त्यात मावेल तेवढंच जेवायला लागला. सकाळी दुकानापर्यंत चालत, संध्याकाळी लांबच्या रस्त्यानं घरी. चहा बिनसाखरेचा. आणि वजनाच्या काट्यावर उभंच राहायचं नाही! मी म्हटलं, "का रे?" तर म्हणे, "तो काटा रोज टोमणे मारतो. आज अर्धा किलो वर, उद्या पाव किलो खाली. माझा काटा म्हणजे तुझी टेप. महिन्यातून एकदा, एक तारखेला, तू मोजायचीस. तू सांगशील तो आकडा खरा."

ऐकलंत? तू सांगशील तो आकडा खरा. हे लक्षात ठेवा हो, कारण माझ्या नाही राहिलं.

पहिल्या महिन्यात चव्वेचाळीसची बेचाळीस. पुढच्या दोन महिन्यांत चाळीस. आणि प्रत्येक वेळी पँटी घेऊन हजर, "काड्या, जरा आत घे रे." मी उसवतोय, आत घेतोय, उसवतोय, आत घेतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा भोपळ्या शिलाईशिलाईनं नाहीसा होतोय! त्यात गिऱ्हाइकं. एक टीचरबाई स्वतःचा कोट घालून बघायला आल्या, तर कोट राहिला बाजूला, आरशाऐवजी रस्त्यापलीकडे बघत उभ्या. "अय्या, ते चष्मेवाले ना? किती फ्रेश दिसायला लागले!" फ्रेश! तो काय भाजी आहे? घरी बायको म्हणते, "भाऊजी अगदी शाळेतल्यासारखे दिसतात." शाळेतल्यासारखे? शाळेत तो भोपळाच होता! पण जाऊ दे. मी कशाला जळेन?

बिस्किटं मात्र आता मला एकट्याला संपवावी लागत होती. त्याचीसुद्धा.

मग एक तारीख आली. मोजली. अडतीस. भोपळ्याची कंबर अडतीस! त्यानं दोन पँटी ठेवल्या आत घ्यायला, आणि पिशवीतून तिसरी काढली. म्हणाला, "काड्या, ही माझी जुनी, चव्वेचाळीसची. कापड अजून चांगलं आहे. मला तर आता तंबूच होईल. तुला मोठीच होईल म्हणा, पण तू काय, घरच्या घरी लहान करशील."

चांगल्या मनानं म्हणाला हो. तेच तर वाईट! खवचटपणे म्हणाला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तो गेला. मी पडद्यामागे गेलो. पँट चढवली. मांडीपाशीच जरा कुरकुर झाली. वर ओढली. हूक लावायला गेलो... तुम्हाला सांगतो, हूक एकीकडे आणि हुकाचं घर एकीकडे, मध्ये चार बोटं मी! पोट आत घेतलं. श्वास सोडला. भिंतीला पाठ लावून बघितलं. नाही! भोपळ्याची पँट, भोपळ्या सगळ्यात जाड असतानाची पँट, मला घट्ट! म्हणजे मी किती वर्षं फोटोत त्याच्या शेजारी उभा राहत होतो, आणि लोक कुणाकडे बघून कुणाला बारीक म्हणत होते?

बाहेर आलो. मशीनवर बसलो. त्याच्या दोन पँटी समोर. अडतीस करायच्या होत्या.

मी सदतीस केल्या.

एक इंच. फक्त एक इंच हो! खडूची खूण थोडी आत सरकली, बस्स. हात माझाच होता, नाही म्हणत नाही. शाळेनं काड्या नाव उगाच नव्हतं ठेवलं, घातली मी काडी!

दोन दिवसांनी समोर बघतो तर काय, भोपळ्या त्याच्या दुकानात आरशांपुढे उभा. चष्मेवाल्याचं दुकान ते, चौदा आरसे. चौदा भोपळे एकदम पोट आत ओढतायत! मग रस्ता ओलांडून आला, हूक उघडा, वरून शर्ट सोडलेला. "काड्या, तू अडतीसच केलीस ना?"

"मग? टेप काय खोटं बोलते?"

"मग दोन दिवसांत माझी वाढली?"

मी गळ्यातली टेप काढली, त्याच्या कमरेला लावली, दोन बोटं आत ठेवून ढिली धरली, आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हटलं, "एकोणचाळीस. असू दे रे. या वयात असंच असतं. वजन म्हणजे पाहुणा, जातो जातो म्हणतो आणि दारातून परत फिरतो. चहा घेतोस? बिस्किट?"

त्यानं बिस्किट घेतलं नाही. चहाही घेतला नाही. हळूच म्हणाला, "माझंच काहीतरी चुकत असेल." आणि गेला.

त्या रात्री मी जेवलो का? जेवलो. दोनदा वाढून घेतलं. पण चव नव्हती.

मग हा दुपारी जेवेना. डबा घरून यायचा, उघडायचाच नाही. माझ्याकडे यायचा बंद. लांबच्या रस्त्यानं घरी जायचा तो आणखी लांबच्या रस्त्यानं जायला लागला. मला काचेतून दिसायचं सगळं. सांगावंसं वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू, गिऱ्हाईक गेलं की सांगू... आणि एक दिवस दुपारी मी बाही जोडत होतो, सहज वर बघितलं, तर भोपळ्या एका बाईंना फ्रेम दाखवता दाखवता थांबला, काउंटरला धरलं, आणि खाली गेला. फ्रेमचा अख्खा स्टँड घेऊन खाली गेला!

मी धावलो. तुम्हाला सांगतो, शाळा सुटल्यापासून मी धावलो नव्हतो. गळ्यात टेप, बोटात सुई टोचू नये म्हणून घालतो ते टोपण, चपलासुद्धा नाहीत. त्याचं डोकं मांडीवर घेतलं तर केवढा हलका लागला हो माझा मित्र.

डॉक्टर दोन दुकानं सोडून. रिक्षात घालायचीही गरज नाही, मी आणि शेजारच्या घड्याळवाल्यानं धरून नेलं. डॉक्टरांनी साखर तपासली, काहीतरी गोड पाजलं, जरा रंग आला तसे ओरडले, "उपाशी राहायला कुणी सांगितलं तुम्हाला? सहा महिने इतकं छान चाललं होतं!"

भोपळ्या डोळे मिटून म्हणाला, "कंबर परत वाढायला लागली होती, डॉक्टर. एकोणचाळीस."

"एकोणचाळीस?" डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमच्या गळ्यात टेप आहेच. मोजा बघू."

आता काय करता? मोजली. बोटं आत न घालता मोजली. छत्तीस. खोटं बोलता आलं असतं... पण आकडा समोर, डॉक्टर समोर, आणि तो डोळे उघडून माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "छत्तीस. कधी वाढलीच नव्हती. पँट मी आत घेतली होती. इंचभर जास्त. मुद्दाम."

रागावला असता, शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तीस वर्षांत तुझा हात कधी चुकला नाही काड्या. म्हणून मी मलाच चुकीचं धरलं."

मी तिथंच खाली बसलो. लाजेनं बसलो हो, पण डॉक्टरांना वाटलं चक्कर आली! "तुम्हाला एवढी धाप कशी लागली? रस्ताच ओलांडलात ना?" म्हणत माझ्या दंडाला पट्टा, छातीला नळी, आणि माझीच टेप घेऊन माझीच कंबर! सेहेचाळीस. शिवाय रक्तदाब असा की डॉक्टरांनी दोनदा पट्टा फुगवून बघितला. "छातीत जळजळ होते का?" म्हटलं, होते. "कधी?" म्हटलं, हा समोरून चालत गेला की. डॉक्टरांनी ते लिहून नाही घेतलं.

पुढचा महिनाभर भोपळ्या माझ्याकडे फिरकला नाही. आणि पँटी, ऐका, माझ्या दुकानावरून, माझ्या डोळ्यांदेखत, कोपऱ्यावरच्या टेलरकडे घेऊन गेला! त्या धांदरटाकडे, ज्याचं काज आणि बटण आयुष्यात एका रेषेत आलेलं नाही! मी काचेआडून बघत राहिलो. हां, तेव्हा जळलो. कबूल.

एक तारखेला मीच रस्ता ओलांडला. त्याच्या दुकानात उभा राहिलो. चौदा आरशांत चौदा मी, काय सांगू, दुकान भरलं. म्हटलं, "माफ कर." तो चष्मा पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, "मला बारीक नव्हतं रे व्हायचं. मला फक्त वाकता यायला हवं होतं. तुला कळतंय का, त्या म्हातारीनं मला स्क्रू उचलून दिला, तेव्हा मला वाटलं, उद्या नातवंड पडलं तर तेही दुसरं कुणीतरी उचलेल."

मी गळ्यातली टेप काढून त्याच्या काउंटरवर ठेवली. त्यानं टेपकडे बघितलं.

"डॉक्टर काय म्हणाले तुला?"

सांगितलं. त्यानं चष्मा खाली ठेवला. "उद्या सहाला दारात उभा राहा. चालायला जायचं. आणि दर एक तारखेला तू माझी मोज, मी तुझी मोजतो. इंच चोरायचा नाही."

तेव्हापासून चालतोय. तो पुढे, मी मागे. तो म्हणतो, "बोलता येतंय तेवढ्याच वेगानं चाल," आणि स्वतःच एवढं बोलतो की माझी पाळी येत नाही. बिस्किटांच्या डब्यात आता बटणं ठेवतो. बायकोनंही छोटं ताट आणलं, आणि मी त्यात असा डोंगर रचतो की खालचं ताट दिसतच नाही, पण आणलं आहे. मी कशाला जळेन? थकायलाच वेळ पुरत नाही!

तर परवा एक तारीख. पहिलंच मोजमाप. त्यानं माझ्या कमरेला टेप लावली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, वाकला... वाकला हो, सहज वाकला, आणि म्हणाला, "साडेपंचेचाळीस! अर्धा इंच उतरली, शाब्बास!"

आता ज्याच्या हातात तीस वर्षं टेप आहे त्याला काय कळत नाही? त्यानं अंगठ्याखाली टेप सरकवली. माझ्यासाठी सरकवली. अर्धा इंच चोरला, गधड्यानं! मला कळलं, आणि मला कळलं हे त्याला कळलं की नाही, ते नाही कळलं. मी शर्ट खाली केला आणि निघालो.

पण घरी आलो तो छाती काढून. बायकोला म्हटलं, "ऐक, अर्धा इंच उतरली!"

तिनं वरून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही मोजलीत की भाऊजींनी?"

"त्यानं."

"मग खरी असेल."

घ्या! जन्मभर टेप गळ्यात घालून हिंडलो मी, आणि मापाला विश्वास कुणावर? चष्मेवाल्यावर!