रावजी तांडेलाचं धुराडं

"हॅलो? … हॅलो, कोण? … नलू? तू हाय का गो? … मी! तुझा बाप!"

रावजी तांडेलाने किनाऱ्यावरून हाक मारली, की खोल पाण्यातल्या होडीवरचा माणूस मान वळवून बघे. तोच आवाज त्याने फोनच्या नळीत सोडला, आणि शिवदासशेटच्या दुकानात डाळ तोलणाऱ्याच्या हातचा तराजू हलला. छत्तीस सालची गोष्ट. अलिबागच्या बाजारात फोन म्हणजे अप्रूप, त्यातून मुंबईहून मुद्दाम वेळ ठरवून लेकीचा फोन यायचा, म्हणून थळच्या कोळीवाड्यातून हा गडी डोक्याला नवं फडकं बांधून सकाळीच येऊन बसलेला.

"येतंय ना ऐकू? … मग ओरडतेस कशाला? … मी ओरडतोय? बरं बाय, मी ओरडतोय. … अगो ऐक ना, आधी माझं ऐक. धुराडं बसलं! … व्हय! बसलं म्हणजे बसलं!"

सांगायला हवं, की रावजीच्या बायकोने, मनुबाईने, उभा जन्म ओल्या लाकडांची चूल फुंकण्यात घालवला होता. डोळे आधी लाल झाले, मग पाणावले, मग तिला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी नलूने आईला मुंबईला नेलं, मोठ्या इस्पितळात डोळ्यांचं ऑपरेशन करवलं, आणि बापाला ठणकावून निरोप धाडला, की त्या धुरात मी आईला परत धाडायची नाही. तीच कधीतरी बोलली होती, मुंबईत एका पारशिणीच्या बंगल्यात चुलीवर पत्र्याचं टोपरं असतं, सगळा धूर नळ्यातून वर निघून जातो. झालं, रावजीने ते मनावर घेतलं. टोपरं बसवायचं आणि बायकोला घरी आणायचं, दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

"रॉकेलच्या डब्यांचं. … धर्मा लोहारानं डबे कापले, सपाट केले न् एकाला एक डाक लावून जोडले. हे एवढं रुंद! … आता फोनात हात कसा दिसंल गो तुला? चूल न् बाजूची वैल, दोन्ही त्याच्याखाली येतात बघ. … नळा कौलांतनं वर काढला. … न्हाय गळत. … बरं, गळलं थोडं. मग होडीच्या फटी बुजवतो तशी कापूस न् राळ भरली. आता थेंब आला तर नाव बदलीन."

"धूर? जातो की. सगळा जातो. … खोटं कशाला बोलू मी? … कोण म्हणालं? … कृष्णाबाई? ती कधी आली मुंबईला? … हात मेली! तिच्या तोंडात तीळ भिजायचा न्हाय!"

कृष्णाबाई म्हणजे शेजारीण. तिने सांगितलं ते मात्र खोटं नव्हतं. रावजी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या; आयुष्य शिडाखाली गेलेलं. वारा आला की तो शिडात भरून घ्यायचा, ही त्याच्या हाडात मुरलेली खोड. त्याने धुराड्याचं वाकडं तोंड नेमकं दर्याकडे करून ठेवलं, आणि वर धर्मा लोहारालाच ऐकवलं, "तू लोखंडातला, वाऱ्यातलं तुला काय कळतंय!" दुपारी दर्यावरचा वारा सुटला, नळ्यात शिरला, आणि चुलीतला धूर उलटा घरभर कोंदला. दारातून, खिडकीतून, कौलांच्या फटीफटीतून धूर!

"अगो, आग न्हाय लागली! … कोळीवाडा कळशा घेऊन धावला, ते खरं. … माझ्या अंगावर ओतल्या, ते पण खरं. पण आग न्हाय लागली! … हस, हस. बाप भिजला न् लेक हसते. … त्या दिवशी धर्मा लोहार पण असाच हसला मेला, वट्यावर बसून."

"ऐक तर पुढं. आता तोंड फिरतं केलंय. … फिरतं गो, सुकाणूवाणी. खाली चुलीपाशी दोरी सोडलीय. सकाळी वारा डोंगराकडनं येतो, तवा तोंड दर्याकडं करायचं. दुपारी दर्यावरनं आला, की डोंगराकडं. वाऱ्याला पाठ द्यायची, मग धूर कसा सरळ वर जातो! … कोण ओढणार म्हणजे? मी ओढणार. … होडीवर कुठला जातोय? होडी चंदरला दिली."

इथे नलू बहुतेक ओरडली असावी, कारण रावजीने नळी कानापासून लांब धरली. चंदर त्याचा पुतण्या, चांगला कर्ता. पण रावजी तांडेल होडी सोडतो म्हणजे काय, हे लेकीला उमजेना.

"न्हाय गो, भांडण न्हाय, काय न्हाय. गुडघे कुरकुरतात. … आणि तुझ्या आयनं जन्मभर चूल फुंकली. मी दर्यावर मोकळ्या हवेत, न् ती धुरात. आता साधी दोरी पण ओढू नको काय मी? …"

"काजळी? ती मीच खरवडतो, नारळाच्या सोडणानं. … खरवडली न्हाय तर कालवणात पडते. … कसं कळलं म्हणजे? खाल्लं ना! … कोण रांधणार दुसरं? मीच रांधतो. त्याशिवाय धुराडं चालतंय का न्हाय, कसं कळावं? भात आधी करपायचा, आता नुसता लागतो. … बोंबील बरे जमतात. … बरं, ते र्‍हाऊ दे. आयला कधी धाडतेस, सांग. रेवसच्या बोटीनं धाड, मी बैलगाडी घेऊन धक्क्यावर येतो. …"

"हॅलो? … नलू? … शेट, बंद पडला काय वो हा? … न्हाय, न्हाय, हाय. … गप का झालीस? … रडतेस? अगो बाय माझे, रडतेस कशाला?"

"… नजर न्हाय आली? … म्हणजे एका डोळ्यात न्हाय आली. बरं. … आणि दुसरा? … उजेड कळतो. … माणूस? … माणूस न्हाय कळत."

रावजीचा आवाज खाली आला. इतका, की आतापर्यंत ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही ऐकावं लागत होतं, आणि आता ज्यांना ऐकायचं होतं त्यांना ऐकू येईना. शिवदासशेटने हाताने खूण करून तराजू थांबवायला लावला.

"डॉक्टर काय म्हणतो? … आता काय व्हायचं न्हाय. बरं. … मग मला का न्हाय कळवलं? … तिनंच नको सांगितलं. … आणि तूच ठेवून घेतेस म्हणून बोललीस. यायला तीच नको म्हणत होती, धुराचं नुसतं निमित्त. … न्हाय गो, रागवत न्हाय. … हाय का ती तिथं? … बाजूला? मग दे ना तिच्या हाती! … नको म्हणते? … सांग, तांडेल म्हणतोय."

चारचौघांत नवऱ्याने बायकोशी बोलायची तेव्हा रीत नव्हती. घरातसुद्धा मनुबाई भिंतीकडे बघून "जेवायला वाढलंय" म्हणे, आणि रावजी "हं" म्हणे. तेवढ्यावर संसार झाला, आणि चांगला झाला. आता मात्र अख्खं दुकान कान टवकारून बसलं होतं. रावजीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि गेले उडत म्हणून भिंतीकडे तोंड केलं.

"हॅलो? … अगो… मी. … व्हय, मीच, दुसरं कोण? … जेवलीस? … मी पण. …"

"काय? परत बोल. … येऊन काय करू? असं बोलायचं न्हाय. … अगो, पाय अडखळला तर अडखळला, घर तुझं हाय. एक भांडं मी हलवलेलं न्हाय, जिथल्या तिथं हाय सगळं. … लोकं? लोकं आताच हसतात, तांडेल चूल फुंकतो म्हणून. हसू देत. त्यांच्या बापाचं काय जातंय?"

"धुराडं फुकट? … फुकट कसं जाईल? मी रांधतो ना त्याच्याखाली! … खरंच. विचार तुझ्या लेकीला. …"

"ऐक. … तू ऐक ना गो. घर खायला उठतंय मला. दर्यावर कधी भ्यालो न्हाय, पण दिवेलागणीला दार उघडतो न् आत कुणी नसतं, तवा भ्या वाटतं. … तू रांधायला नको येऊस. नुसती बसायला ये. जन्मभर धुरात बसलीस, आता जरा बिनधुराच्या चुलीपाशी बस. मी करतो, तू खा. … न्हाय दिसलं तर न्हाय दिसलं. मी दिसण्यासारखा उरलोय कुठं?"

रावजीने नळी कानावर घट्ट दाबली.

"… काय? … कालवणात? … चिंच घालतो की. … आधी न्हाय, मागनं. … आधी घालायची? … मिरची? मिरची मी… हॅलो? … हॅलो? अगो, मिरची किती घालू?"

फोन कटला होता. रावजीने नळी दोनदा हलवून बघितली, मग शेटच्या हातात दिली. डोळे पुसायचे होते ते त्याने सगळ्यांच्या देखत फडक्याने पुसले.

"काय म्हणाली?" शिवदासशेटने विचारलं.

"येतेय," रावजी म्हणाला, आणि बैलगाडी ठरवायला बाहेर पडला.